दाढ काढल्यानंतरच्या गोळ्या : वाचकांचे प्रश्न

अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेवर लिहिल्यानंतर जी पत्रं आली, त्यांत शस्त्रक्रियेपेक्षा नंतरच्या गोळ्यांबद्दलच जास्त विचारलं आहे. म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला देते. मी न्यू जर्सीत डेंटिस्ट आहे. आधी नागपुरात शिकले, मग इथे पुन्हा शिकले. त्यामुळे दोन्हीकडच्या गोळ्यांची नावं आणि दोन्हीकडच्या सवयी मला चांगल्या माहीत आहेत.

प्रश्न : डॉक्टर, माझ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या चारही अक्कलदाढा गेल्या महिन्यात काढल्या. खालच्या दोन हाडात अडकलेल्या होत्या. एवढी कापाकापी झाली आणि सर्जननी हातात दिलं काय, तर आयबुप्रोफेन आणि टायलेनॉल घ्या असं लिहिलेला कागद. २०११ साली माझ्या नवऱ्याची एकच दाढ काढली होती, तेव्हा तीस व्हायकोडिन मिळाल्या होत्या. आता डॉक्टर नियमांना घाबरतात का? माझ्या मुलाला विनाकारण सोसावं लागलं का? — एक आई, प्लेन्सबरो

उत्तर : नाही ताई. तुमच्या मुलाला कमी काही दिलेलं नाही. त्याला जे दिलं ते व्हायकोडिनपेक्षा चांगलं औषध आहे, हे मी पूर्ण खात्रीने सांगते.

दाढ काढल्यावर जे दुखतं ते मुख्यतः सुजेमुळे. हिरडी कापलेली, हाड थोडं कोरलेलं, तिथे सूज येते आणि ठणका लागतो. आयबुप्रोफेन त्या सुजेवरच काम करतं. व्हायकोडिनमधलं हायड्रोकोडोन हे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातलं औषध. ते मेंदूवर काम करतं, जबड्यातल्या सुजेला हातही लावत नाही. माणूस गुंगतो, मळमळतं, पोट साफ होत नाही, आणि सूज आहे तिथेच राहते.

याचा पुरावा अगदी आपल्या दारातला आहे. न्यूअर्कच्या रटगर्स डेंटल स्कूलच्या नेतृत्वाखाली पाच डेंटल स्कूल्सनी मिळून अठराशेहून जास्त रुग्णांवर अभ्यास केला. सगळ्यांच्या अडकलेल्या अक्कलदाढा काढलेल्या. निम्म्यांना हायड्रोकोडोनची गोळी दिली, निम्म्यांना आयबुप्रोफेन ४०० आणि अॅसिटॅमिनोफेन (टायलेनॉलमधलं औषध) ५०० मिलिग्रॅम. कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरलाही. पहिल्या दिवशी आणि पहिल्या रात्री, म्हणजे दुखणं सर्वांत जास्त असतं तेव्हा, ओपिऑइड न घेतलेल्यांना कमी दुखलं. २०२५ च्या सुरुवातीला हे निष्कर्ष अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आले. त्याआधी, २०२४ मध्ये, याच असोसिएशनने मोठ्या मुलांसाठी आणि प्रौढांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यातही पहिली निवड हीच आहे.

आणि अॅसिटॅमिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ एकत्र केलं की काय होतं? कॉम्बिफ्लॅम! महाराष्ट्रातल्या घराघरांत दाढदुखीला जी गोळी घेतली जाते, तिच्याच जोडीकडे अमेरिकेतलं दंतवैद्यक इतक्या वर्षांनी येऊन पोचलं आहे. मला याचा मनापासून आनंद होतो.

आता नियमांबद्दल. नियम आहेत, आणि ते असायलाच हवेत. न्यू जर्सीने २०१७ मध्ये कायदा केला. नव्या, तात्पुरत्या दुखण्यासाठी पहिल्यांदा ओपिऑइड लिहून देताना पाच दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. डोस परिणाम होईल इतका पण कमीत कमी हवा. त्याआधी धोके समजावून सांगावे लागतात, रुग्ण अल्पवयीन असेल तर पालकांनाही, आणि तशी नोंद करावी लागते. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये ही मर्यादा सात दिवसांची आहे. डेंटिस्टना यातून सूट नाही.

सूट का नाही, ते तुमच्या मुलाच्या वयाकडे बघून सांगते. बऱ्याच अमेरिकन मुलांच्या आयुष्यातलं पहिलं ओपिऑइड डेंटिस्टकडून मिळालेलं असायचं, अक्कलदाढेच्या वेळी. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १६ ते २५ वयाच्या तरुणांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या. डेंटिस्टकडून ओपिऑइड मिळालेल्यांपैकी ५.८ टक्के तरुणांच्या नावावर पुढच्या वर्षभरात ओपिऑइडच्या गैरवापराचं किंवा व्यसनाचं निदान नोंदलं गेलं. ज्यांना ते मिळालं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ०.४ टक्के होतं. आज अमेरिकेत ओव्हरडोसने जी माणसं जातात ती बहुतेक बेकायदा फेंटानिलमुळे जातात, दाढेच्या गोळ्यांमुळे नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पहिली ओळख कुठे होते याला महत्त्व आहे, आणि ती माझ्या खुर्चीत होऊ नये असं मला वाटतं.

इंग्लंडचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या डेंटिस्टनी लिहिलेल्या दर शंभर औषधांत बावीस ओपिऑइड होती. इंग्लंडमध्ये शंभरात एकही भरत नव्हतं. दाढा त्याच, शस्त्रक्रिया तीच.

माझ्याकडे अक्कलदाढा काढल्यावर मी घरच्यांना वेळा लिहूनच देते : दुपारी २, रात्री ८, पहाटे २, सकाळी ८. पहिला डोस भूल उतरायच्या आत, ओठ अजून जड असतानाच. पहाटे दोनचा गजर लावायचा आणि मुलाला उठवून गोळी द्यायची. बहुतेक घरी तीच चुकते आणि सकाळी फोन येतो, ‘काहीच फरक पडत नाहीये.’ पहिले दोन-तीन दिवस घड्याळाप्रमाणे, दुखायची वाट न बघता. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी होण्याऐवजी ठणका वाढला, तोंडाला वाईट वास आला, तर गोळी वाढवू नका, डॉक्टरकडे जा. तो बहुधा ड्राय सॉकेट असतो. जखमेतली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. ते धुऊन औषधाची पट्टी भरली की बऱ्याचदा त्याच दिवशी आराम पडतो.

एक विचारते, ताई. नवऱ्याच्या त्या तीस व्हायकोडिनपैकी किती संपल्या होत्या? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०१६ मधल्या एका छोट्या अभ्यासात दात काढलेल्यांना सरासरी २८ गोळ्या मिळाल्या होत्या आणि त्यांतल्या १५ उरल्या होत्या. आजच औषधांचं कपाट बघा. सापडल्या तर फार्मसीतल्या किंवा पोलीस ठाण्यातल्या औषध परत घ्यायच्या पेटीत टाका. जवळ पेटी नसेल तर हायड्रोकोडोन आणि ऑक्सिकोडोन सरळ टॉयलेटमध्ये टाकून फ्लश करायला एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची, परवानगी आहे. घरात सतरा वर्षांचा मुलगा आहे, त्याचे मित्र येतात-जातात. हे काम पुढे ढकलू नका.

प्रश्न : माझे सासरे (वय ७३) नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. परवा त्यांची एक दाढ काढली. ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात म्हणून डेंटिस्टनी आयबुप्रोफेन नको सांगितलं, फक्त टायलेनॉल दिलं. तेवढ्याने भागत नाही. गुडघ्यांसाठी तिकडच्या डॉक्टरांनी दिलेल्या अल्ट्रासेटच्या दोन स्ट्रिप्स त्यांच्या बॅगेत आहेत. ती दिली तर चालेल का? मुलीला (१५) ब्रेसेस घट्ट केल्यावर फार दुखतं, तेव्हा ‘अर्धी दे तिला’ असंही सासरे म्हणतात. — सून, जर्सी सिटी

उत्तर : मुलीचं आधी. अर्धीही नको, पावही नको. अल्ट्रासेटमध्ये ट्रॅमाडॉल आहे आणि ट्रॅमाडॉल हे ओपिऑइडच आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचंच नाही असा एफडीएचा २०१७ पासूनचा इशारा आहे, आणि बारा ते अठरा वयातही वजन जास्त असेल किंवा झोपेत श्वास अडखळत असेल तर टाळायला सांगितलं आहे. काही जणांचं यकृत ट्रॅमाडॉलचं रूपांतर फार झपाट्याने करतं आणि श्वास मंदावतो. कुणाचं तसं आहे हे आधी कळत नाही. ब्रेसेसच्या दुखण्याला साधं टायलेनॉल किंवा आयबुप्रोफेन आणि दोन दिवस मऊ भात पुरतो. शिवाय दुसऱ्याच्या नावाचं असं औषध देणं इथे कायद्याने गुन्हा आहे.

आता सासऱ्यांचं. अल्ट्रासेटमध्ये ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. वरून टायलेनॉल दिलं की पॅरासिटामॉल दोनदा पोटात जातं. दोन्हीकडची नावं वेगळी असल्यामुळे ही गफलत आपल्या घरांत फार होते. दिवसाला ४००० मिलिग्रॅम ही निरोगी प्रौढाची वरची हद्द आहे, वयस्कर माणसाला बरेच डॉक्टर त्याहून कमी ठेवतात. दुसरं, ते नैराश्याची किंवा झोपेची गोळी घेतात का? काही गोळ्यांबरोबर ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते, काहींबरोबर गुंगी इतकी वाढते की रात्री बाथरूमला जाताना माणूस पडतो. म्हणून स्वतःच्या मनाने देऊ नका. स्ट्रिप घेऊन डेंटिस्टकडे जा, सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा आणि विचारा. टायलेनॉलचा डोस ते नीट बसवून देतील किंवा परत भूल देऊन जखम तपासतील. ज्यांना आयबुप्रोफेन चालत नाही अशांना क्वचित दोन-तीन दिवसांचं ओपिऑइड लागतंही. ते देण्यात काही वावगं नाही, पण निर्णय त्यांनी सासऱ्यांची सगळी औषधं बघून घ्यायचा.

भारतातही ट्रॅमाडॉल आता साधी गोळी राहिलेली नाही. २०१८ च्या एप्रिलपासून ती एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली आली आहे. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि केमिस्टला वेगळी नोंदवही ठेवावी लागते. ‘गुडघ्याची हलकी गोळी’ म्हणून ती शेजारीपाजारी वाटायची सवय सोडायला हवी, नाशिकला आणि जर्सी सिटीलाही.

प्रश्न : शुक्रवारी रात्री दुखायला लागलं म्हणून डेंटिस्टना फोन केला. ‘नॉर्को फोनवर फार्मसीला सांगता येत नाही’ म्हणाले. पूर्वी सांगायचे. खरं आहे का? — एक वाचक, एडिसन

उत्तर : खरं आहे. नॉर्कोसारख्या हायड्रोकोडोनच्या मिश्र गोळ्या ६ ऑक्टोबर २०१४ पासून शेड्युल तीनमधून शेड्युल दोनमध्ये, म्हणजे नियंत्रित औषधांच्या जास्त कडक गटात, गेल्या. शेड्युल दोनच्या औषधाला रिफिल नाही, आणि खऱ्या आणीबाणीखेरीज ते फोनवर सांगता येत नाही. एक सोय मात्र लोकांना माहीत नसते. लिहून दिलेल्या सगळ्या गोळ्या एकदम घ्याव्याच लागतात असं नाही. बारा लिहिल्या असतील तर ‘चारच द्या’ असं तुम्ही फार्मसीत सांगू शकता. २०१६ च्या केंद्रीय कायद्याने तशी मुभा दिली आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गोळ्यांची सवय लागली. फार वाईट दिवस गेले. आता दोन वर्षं तो सुबॉक्सोनवर आहे, नोकरी करतो, ठीक आहे. आईबाबा आणि मी सोडून कुणालाही माहीत नाही. त्याच्या दोन दाढा काढायच्या आहेत. डेंटिस्ट आपल्या मंडळातल्याच आहेत, गणपतीत भेटतात. त्यांना सांगावं का? तो म्हणतो, दोन दिवस आधी सुबॉक्सोन बंद करतो आणि काही बोलतच नाही. — बहीण

उत्तर : तुमचं पत्र मी परत परत वाचलं. तुमचा भाऊ दोन वर्षं नीट आहे, ही फार मोठी गोष्ट आहे.

सुबॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडच्या व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन असलेलं औषध, बंद करू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. ते बंद केल्यावर जुनी ओढ परत येते आणि नेमकं त्याच आठवड्यात दुखणं असतं. दाढ काढण्यासाठी ते थांबवायची गरज नसते. बदल करायचाच असेल तर तो त्याच्या सुबॉक्सोन देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून.

आणि हो, डेंटिस्टना सांगा. प्रत्येक राज्यात नियंत्रित औषधांची नोंद ठेवणारी यंत्रणा असते. इथे ओपिऑइड लिहिण्याआधी मी संगणकावर रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख टाकते, आणि कुठल्या फार्मसीतून कोणतं नियंत्रित औषध कधी किती मिळालं याची यादी समोर येते. सुबॉक्सोन त्यात दिसतं. यादीत दिसण्यापेक्षा त्याच्या तोंडून कळलेलं केव्हाही बरं. एवढंच म्हणायचं : ‘मी ब्युप्रेनॉर्फिन घेतो, बरा होतोय, मला ओपिऑइड नको.’ पुढचं डॉक्टरने विचारायचं असतं. मग मी काय करते? जास्त वेळ टिकणारी भूल देते, बुपिव्हाकेनची, म्हणजे पहिले सहा-आठ तास निघून जातात. आयबुप्रोफेन आणि अॅसिटॅमिनोफेन वेळेवर. दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन करते.

मंडळाची भीती मला समजते. पण रुग्णाची माहिती बाहेर सांगणं इथे कायद्याने बंद आहे, आणि गणपतीच्या आरतीत भेटणाऱ्या डॉक्टरलाही तोच कायदा लागू आहे. तरी मन मानत नसेल तर दुसऱ्या गावचा डेंटिस्ट गाठा. त्यात काही गैर नाही. न सांगता खुर्चीत बसणं मात्र नको.

आणखी एक, जे त्याला कदाचित कुणी सांगितलं नसेल. तोंडात विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनमुळे दात किडू शकतात असा इशारा एफडीएने जानेवारी २०२२ मध्ये दिला. औषध बंद करू नका असंही त्याच इशाऱ्यात म्हटलं आहे. पट्टी पूर्ण विरघळली की घोटभर पाणी तोंडात घोळवून गिळायचं आणि ब्रश तासाभराने करायचा. दोन दाढा काढायची वेळ आली त्यामागे हेही एक कारण असू शकतं, म्हणूनही डेंटिस्टना कळायलाच हवं. घरात नालोक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडचा ओव्हरडोस उतरवणारा, नाकात मारायचा स्प्रे ठेवा. २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो.

प्रश्न : मी महाराष्ट्रातून बीडीएस करून इथे अॅडव्हान्स्ड स्टँडिंगने (परदेशी पदवीधरांसाठीच्या छोट्या अभ्यासक्रमातून) डीडीएस करतोय, पुढच्या मे महिन्यात संपेल. डीईए नोंदणीसाठी (नियंत्रित औषधं लिहून द्यायला लागणारी केंद्रीय नोंदणी) आठ तासांचं ट्रेनिंग लागतं म्हणतात. बीडीएसमध्ये फार्माकॉलॉजी झालेलं आहे, ते चालेल का? आणि मला ओपिऑइड लिहायचीच नसतील तर? — एक विद्यार्थी

उत्तर : बीडीएसचं फार्माकॉलॉजी यात धरलं जात नाही. हा नियम मेट नावाच्या केंद्रीय कायद्याचा. २०२२ च्या डिसेंबरअखेर तो झाला आणि २७ जून २०२३ पासून लागू झाला. त्या तारखेनंतर पहिल्यांदा डीईए नोंदणी किंवा नूतनीकरण करताना, पशुवैद्य सोडून प्रत्येकाला आठ तासांचं प्रशिक्षण झाल्याची ग्वाही ऑनलाइन अर्जात द्यावी लागते. एकदाच. आठ तास सलग बसायची गरज नाही, तुकड्यांनी केलेलं आणि आधी केलेलंही चालतं. विषय व्यसनाच्या आजाराचे उपचार हा असू शकतो, आणि आपल्यासाठी खास मुभा अशी की दातांच्या दुखण्याचं सुरक्षित औषधोपचार आणि व्यसनाचा धोका असलेल्या रुग्णाला ओळखून योग्य जागी पाठवणं, हेही त्यात धरतात.

तुमची बाजू सोपी आहे. इथल्या मान्यताप्राप्त डेंटल स्कूलमधून गेल्या पाच वर्षांत पदवी घेतली असेल आणि तिथल्या अभ्यासक्रमात हे आठ तास असतील, तर वेगळं ट्रेनिंग नको. मेच्या आतच डीन ऑफिसमधून तसं पत्र घेऊन ठेवा. एकदा सगळे पांगले की हे कागद मिळवायला महिने जातात. ज्यांनी जास्त आधी पदवी घेतली त्यांनी अमेरिकन डेंटल असोसिएशन किंवा ओरल सर्जन्सच्या संघटनेचे कोर्स बघावेत.

राज्याचं वेगळं असतं, ते विसरू नका. न्यू जर्सीत डीईएच्या आधी राज्याची सीडीएस, म्हणजे नियंत्रित औषधांची, नोंदणी लागते, आणि लायसन्सच्या नूतनीकरणासाठी ओपिऑइडवरचा एक तास सक्तीचा आहे. न्यूयॉर्कमध्ये डीईए नोंदणी असलेल्यांना दर तीन वर्षांनी तीन तास करावे लागतात.

‘लिहायचीच नसतील तर’ याचं उत्तर असं, की डीईए नोंदणी नसली तरी डेंटिस्ट म्हणून काम करता येतं. पण बहुतेक नोकऱ्यांत ती मागतात, आणि क्वचित एखाद्या रुग्णाला खरंच गरज पडते. माझं मत विचाराल तर ट्रेनिंग नोंदणी नसलेल्यांनीही करावं. दंतमहाविद्यालयात आपल्याला औषध कसं लिहायचं ते शिकवतात. समोरच्या माणसाला ‘तुम्हाला गोळ्यांची सवय कधी लागली होती का?’ असं त्याला न दुखावता कसं विचारायचं, ते कुणी शिकवत नाही. वरच्या पत्रातला भाऊ तुमच्या खुर्चीत बसेल तेव्हा हेच कामाला येणार आहे. आठ तास, तेही आयुष्यात एकदा, हे मला फार कमी वाटतं. निदान तीन वर्षांनी परत हवं.

कोर्स निवडताना ज्यात रुग्णाशी बोलण्याचा सराव करून घेतात असा निवडा. नुसत्या स्लाइड्सचे पुष्कळ आहेत, त्यांनी प्रमाणपत्र मिळतं पण तोंड उघडत नाही. प्रमाणपत्र अर्जाबरोबर जोडायचं नसतं, तरी तारीख आणि तास दिसतील अशी प्रत जपून ठेवा. मेमध्ये पास झालात की कळवा, आणि राज्याच्या नोंदणीत कुठे अडलं तर तेव्हाही लिहा.